५० कोटींचा प्रस्ताव, ६ विभाग आणि ८ आठवडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्य विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांकडे नुकताच संशोधन व विकास कक्षाचा कार्यभार आला आहे. केंद्राच्या एका योजनेत ५ वर्षांचा, साधारण ५० कोटींचा प्रस्ताव पाठवायचा आहे. ६ विभाग, ४ भागीदार महाविद्यालयं, मुदत ८ आठवड्यांवर. तीसेक प्राध्यापकांनी आपापला मजकूर ई-मेलवर पाठवून दिलाय. हे सगळं एकत्र बांधायचं कसं, आणि बाहेरचा सल्लागार नेमावा का, असं त्यांनी विचारलंय.

सल्लागाराचं शेवटी बोलू. आधी ते तीस मजकूर एका फोल्डरमध्ये टाका आणि दोन आठवडे उघडू नका. ते एकत्र करून प्रस्ताव होत नाही, विभागांचा वार्षिक अहवाल होतो. तुमच्यापुढचं खरं काम लिखाणाचं नाहीच. कोण आत, कोण बाहेर, कुणाला किती पैसे आणि शेवटचा शब्द कुणाचा, एवढं ठरवून घेण्याचं आहे. हे ठरलं की लिखाण तीन आठवड्यांत होतं. ठरलं नाही तर सहा महिने दिले तरी होत नाही.

पहिल्याच दिवशी वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे जा आणि एक यादी मागा: याच निधीसंस्थेकडून आजवर आलेले प्रकल्प आणि त्यांतली कुठली यूटिलायझेशन सर्टिफिकेटं (यूसी, म्हणजे निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) बाकी आहेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत यूसी गेलं पाहिजे, असा केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांचा (जीएफआर) दंडक आहे आणि ते जीएफआर १२-ए या नमुन्यातच लागतं. एखादे प्राध्यापक निवृत्त झालेत, त्यांच्या प्रकल्पातल्या साडेअकरा हजारांचा मेळ लागत नाही, म्हणून फाईल कपाटात पडून आहे. असलं एखादं प्रकरण प्रत्येक विद्यापीठात सापडतंच. अनुदानावरचं व्याज भारताच्या संचित निधीत परत भरायचं असतं, तेही राहिलेलं असतं. छाननीत हे वर आलं की विज्ञान कितीही चांगलं असो, पुढचं कुणी वाचत नाही. आणि ही प्रकरणं मिटवायला आठ आठवडे अजिबात जास्त नाहीत, म्हणून सुरुवात इथून. त्याच दिवशी योजनेची पात्रता ओळ न ओळ वाचा: एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतलं स्थान, नॅकच्या मूल्यांकनाची मुदत, भागीदार संस्था कुठल्या प्रकारची चालते. नॅकची मुदत प्रस्ताव पाठवायच्या तारखेला चालू असायला हवी की मंजुरीच्या, हे नीट बघा. कळलं नाही तर निधीसंस्थेला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा.

मग नेतृत्व. प्रकल्पप्रमुख म्हणजे पीआय एकच असतो आणि तो ज्येष्ठतेने ठरवू नका. आपल्याकडे सहा विभागप्रमुखांपैकी जो सगळ्यात ज्येष्ठ, त्याचं नाव वर लिहायचा प्रघात आहे. पाच वर्षांचा प्रकल्प आणि पीआयची निवृत्ती अडीच वर्षांवर, हे समीक्षकाला जन्मतारखेवरून पहिल्या मिनिटाला कळतं. ज्याने याआधी निदान एक मध्यम आकाराचा प्रकल्प हिशेबासकट पूर्ण केलाय, ज्याचं गेल्या पाच वर्षांतलं काम विषयाच्या मध्यावर बसतं आणि ज्याला 'नाही' म्हणता येतं, असा माणूस हवा. तिसरा गुण सगळ्यात दुर्मिळ. तो नसेल, तर त्याच्या वतीने 'नाही' म्हणणारा समन्वयक हवा. बहुतेक वेळा ते तुम्हीच असाल, आणि म्हणून तुमचं स्वतःचं संशोधन या प्रस्तावात असता कामा नये. एकदा तुमच्या प्रयोगशाळेसाठी एखादं यंत्र आत आलं की बाकीच्यांना कात्री लावायचा अधिकार गेला.

हा अधिकार तोंडी घेऊ नका. कुलगुरूंकडे अर्ध्या पानाची टिपणी ठेवा. पीआय अमुक, समन्वयक अमुक, प्रस्तावातल्या घटकांच्या निवडीबाबत आणि निधीवाटपाबाबत या दोघांचा आणि प्र-कुलगुरूंचा निर्णय अंतिम, अंतर्गत मुदत अमुक तारीख. त्यावर सही घ्या आणि प्रत सगळ्या विभागांना पाठवा. पुढे सहाव्या आठवड्यात एखादे ज्येष्ठ सहकारी थेट कुलगुरूंच्या दालनात जाऊन बसतील, तेव्हा ही टिपणी उपयोगी पडेल.

आता पैसा. माझा ठाम आग्रह आहे की खर्चाचा तक्ता आधी आणि मजकूर नंतर. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं: विज्ञान लिहून होतं आणि शेवटच्या तीन दिवसांत लेखा विभागातल्या कुणाला तरी बसवून आकडे भरले जातात. तक्ता आधी केला की बैठकीत जे कुणी बोलत नाही ते आकड्यांत दिसायला लागतं. दोन विभागांना एकच यंत्र वेगवेगळ्या नावाने हवं असतं. एकाने बारा फेलो (मानधनावरचे संशोधक विद्यार्थी) मागितलेले असतात आणि त्याच्याकडे पीएचडीच्या दोनच जागा रिकाम्या असतात. भागीदार महाविद्यालयाला 'सहभाग' हवा असतो, पण त्यांच्या वाट्याचं काम कुणालाच सांगता येत नाही.

मनुष्यबळाचा हिशेब तर फारच ढिला केला जातो. केंद्राच्या विज्ञान विभागांच्या २०२३ मधल्या आदेशानुसार जेआरएफला (कनिष्ठ फेलो) महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलो) ४२,००० रुपये. यावर घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार, सध्या ३०, २० किंवा १० टक्के. पुणे 'एक्स' वर्गात (३० टक्के) आहे, कोल्हापूर 'वाय' वर्गात (२० टक्के). म्हणजे कोल्हापुरातला जेआरएफ महिन्याला ४४,४०० ला पडतो आणि दोन वर्षांनी एसआरएफ झाला की ५०,४०० ला. तीन वर्षांचा खर्च १६ लाख ७० हजार ४००. तक्त्यात मात्र अनेक जण ३७,००० गुणिले ३६ करून १३ लाख ३२ हजार लिहितात. एका फेलोमागे ३ लाख ३८ हजार ४०० ची तूट, २० फेलो असतील तर ६७ लाख ६८ हजारांची. हे पैसे नंतर कुठूनही येत नाहीत. रसायनांच्या हेडमधून घ्यायचे म्हटले तर पुनर्विनियोजनाची परवानगी मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत फेलो नोकरी सोडून गेलेला असतो.

यंत्रांचं तसंच. जुनं कोटेशन फाईलमधून काढून त्यावर दहा टक्के चढवायची सवय सोडा. सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली आणि दर १८ टक्के झाला. तरी अजून पाच टक्के धरलेले तक्ते माझ्यासमोर येतात. चार कोटींच्या यंत्रात हा फरक ५२ लाखांचा आहे. परदेशी यंत्र असेल तर विनिमय दराला थोडी जागा ठेवा, विमा आणि वाहतूक धरा. आणि वॉरंटी संपल्यानंतरचा देखभाल करार पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या. खरेदी झाल्यावर करार मागायला गेलात तर विक्रेता सांगेल ती रक्कम. मग खोलीचा प्रश्न येतो. वीजभार मंजूर किती आहे? यूपीएस, वातानुकूलन, जमिनीचा कंप, द्रवरूप नायट्रोजन कुठून आणणार? बांधकामाला या योजनांत सहसा पैसे नसतात. विद्यापीठाच्या अभियंत्याला पहिल्या पंधरवड्यात प्रयोगशाळेत नेऊन उभं करा आणि त्याचं म्हणणं कागदावर घ्या. कोट्यवधींचं यंत्र खोक्यात आणि वीजजोडणीची फाईल तिसऱ्या टेबलावर, ही गोष्ट ज्या विद्यापीठात घडलीच नाही असं विद्यापीठ मला अजून भेटायचंय.

यंत्र मागण्याआधी आय-स्टेम पोर्टल उघडून बघा. देशभरातल्या सार्वजनिक संस्थांतली उपकरणं तिथे नोंदवलेली आहेत आणि समीक्षकही ते बघतात. तुमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर तेच यंत्र असेल तर 'आम्हाला ते का पुरत नाही' याचं उत्तर प्रस्तावातच असू द्या: नमुना टिकत नाही, रांग लांब आहे, रोज लागतं, जे खरं असेल ते. उत्तर नसेल तर यंत्र काढून टाका आणि बाहेर नमुने तपासायचे पैसे मागा. याने प्रस्तावाची किंमत कमी होते आणि वजन वाढतं.

प्रत्येक विभागाला एक मोठं यंत्र, हा आपल्याकडचा जुना तोडगा. त्याने घरात भांडण होत नाही हे मान्य. पण समीक्षकाला तो लग्नातला मानपान दिसतो: सगळ्यांना काहीतरी मिळालं, कुणी रुसायला नको. असे प्रस्ताव पडतात आणि ते पडायलाच हवेत.

ओव्हरहेडचं, म्हणजे संस्थेच्या अप्रत्यक्ष खर्चापोटी मिळणाऱ्या रकमेचं, आधीच ठरवून ठेवा. शैक्षणिक संस्थांना छोट्या प्रकल्पांत १० टक्के हा ओळखीचा दर आहे. मोठ्या रकमांना मात्र बहुधा कमाल मर्यादा असते, ती योजनेच्या कागदातून घ्या. मिळणाऱ्या ओव्हरहेडचा किती भाग विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत, किती विभागाला, किती पीआयच्या हाताशी, हे व्यवस्थापन परिषदेकडून मंजूर करून घ्या. मंजुरीनंतर हा वाद काढलात तर पहिलं वर्ष त्यातच जातं.

विषय अरुंद करणं हे तुमचं दुसरं मोठं काम. 'शाश्वत विकासासाठी बहुविद्याशाखीय संशोधन' या नावाखाली सहाही विभाग सुखाने बसतात, आणि नेमकं म्हणूनच ते नाव निरुपयोगी आहे. समजा तुम्ही दक्षिण महाराष्ट्रात आहात. कृष्णा-पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी शेतात आणून टाकलेला गाळ, त्यातले जड धातू, आणि उसात, भाजीपाल्यात, जनावरांच्या चाऱ्यात ते किती उतरतात, असा प्रश्न घेतला तर काय होतं बघा. रसायनशास्त्राला काम मिळतं, वनस्पतिशास्त्राला मिळतं, भूगोल आणि संख्याशास्त्राला मिळतं. सूक्ष्मजीवशास्त्राला धातू शोषणाऱ्या जिवाणूंवर काम करता येतं. भौतिकशास्त्राला स्वस्त सेन्सर बनवता आला तर ते आत, नाहीतर बाहेर. प्रश्न असा धारदार असला की कोण बाहेर जाणार हे तुम्हाला सांगावं लागत नाही, तो प्रश्नच सांगतो. शिवाय गाळ सांगली-कोल्हापुरातला असेल तर 'हे काम दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या संस्थेने का करू नये' याचं उत्तर आपोआप मिळतं. राज्य विद्यापीठाची खरी ताकद इथे आहे. नामांकित संस्थेच्या यंत्रसामग्रीशी आपण बरोबरी करू शकत नाही. पण पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी शिवारात पोचणारे विद्यार्थी आणि गावात ओळखी असलेली महाविद्यालयं आपल्याकडे आहेत.

त्या तीस प्राध्यापकांना आता एकपानी तक्ता पाठवा. त्यात एवढंच विचारा: या प्रश्नातला कुठला भाग तुम्ही सोडवणार, काय मोजणार, ते मोजण्याचं काम तुमच्याकडे आज कोण करू शकतं, त्यावर आजवर काय प्रसिद्ध केलंय, रुपयांत काय लागेल, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी हातात काय असेल. मुदत पाच दिवस. परिचय, पुरस्कार, गौरव काहीही नको. तिसातले निम्मे हा कागद परत पाठवणार नाहीत आणि तुमची बरीचशी निवड तिथेच होऊन जाईल. उरलेल्यांपैकी ज्यांना वगळायचं त्यांना फोन करा किंवा समोर जाऊन सांगा, ई-मेल नको. कारण एकच द्या आणि ते प्रश्नाशी जोडलेलं द्या. 'पुढच्या वेळी बघू' म्हणायचं असेल तर कुठल्या योजनेत आणि कधी, हेही सांगा. उगाच गोड बोललात तर माणूस दुप्पट दुखावतो.

भागीदार महाविद्यालयांबाबत दोन शब्द. केंद्राच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या, म्हणजे एएनआरएफच्या, 'पेअर' सारख्या योजनांत एक मार्गदर्शक संस्था आणि तिच्याभोवती इतर विद्यापीठं अशी रचना असते. अशा ठिकाणी तुम्ही परिघावरची संस्था असाल, तर मध्यवर्ती संस्थेने पाठवलेल्या मसुद्यात तुमचं नाव फक्त नमुने गोळा करण्यापुरतं आहे का ते तपासा आणि असेल तर वेळेवर भांडा. तुम्ही मध्यवर्ती असाल तर हीच वागणूक तुमच्या महाविद्यालयांना देऊ नका. प्रत्येक भागीदाराकडे निदान एक काम असं असावं जे त्याच्याशिवाय होणार नाही, आणि त्यासाठी माणूस व पैसा त्याच्याच खात्यात. खासगी अनुदानित महाविद्यालयात प्राचार्यांची सही पुरत नाही, संस्थेच्या सचिवांची लागते. ते सचिव कुठे असतात, सह्या कुठल्या वारी करतात, हे आजच विचारून ठेवा.

सह्यांवर थोडं जास्त बोलतो, कारण विज्ञानापेक्षा त्यांनाच वेळ लागतो. प्रकल्प संपल्यावर यंत्रांची देखभाल विद्यापीठ करेल, जागा देईल, वीज देईल, असं हमीपत्र संस्थाप्रमुखाला द्यावं लागतं. ते पुढच्या अनेक वर्षांचं दायित्व आहे. कुलगुरू नियमित असतील तर अडचण येत नाही. पदाचा कार्यभार तात्पुरता दुसऱ्या कुणाकडे असेल तर ते दायित्वाच्या कागदावर सही करायला कचरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. अशा वेळी व्यवस्थापन परिषदेचा ठराव त्यांना आधार देतो. परिषदेची पुढची बैठक कधी आहे आणि विषयपत्रिका कधी बंद होते, हे कुलसचिव कार्यालयातून काढा आणि तुमचं वेळापत्रक त्या तारखेवर बसवा. मध्ये गणपती किंवा दिवाळी येत असेल तर आठातला एक आठवडा गेला म्हणून समजा. आणि उलटं मोजत या: पोर्टलवर भरणं मुदतीच्या तीन दिवस आधी, सह्या त्याच्या आठवडाभर आधी पूर्ण, खर्चाचा तक्ता त्याच्याही दहा दिवस आधी गोठवलेला. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल अडखळतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी अर्धा देश त्याच संध्याकाळी लॉगिन करतो.

परवानग्यांचं पान बहुतेकांच्या लेखी शेवटचं असतं. माणसांचे रक्तनमुने किंवा मुलाखती असतील तर नैतिकता समिती, प्राणी असतील तर संस्थात्मक प्राणी नैतिकता समिती, जनुकीय बदल केलेले जीव असतील तर जैवसुरक्षा समिती. गाळातले किंवा मातीतले जिवाणू परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचे असतील तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याचा विषय येतो. प्रस्ताव पाठवताना अनेकदा 'अर्ज केला आहे' एवढं चालतं, पण अर्ज खरोखर केलेला असावा आणि त्याचा जावक क्रमांक हाताशी असावा.

उद्योगांचा हिस्सा हल्ली सगळे मागतात, आणि त्याला कारण आहे. एएनआरएफचा कायदा २०२३ चा, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि संशोधनाला निधी देणारं जुनं मंडळ, एसईआरबी, त्यात विलीन झालं. पाच वर्षांसाठी ५०,००० कोटींचा जो आराखडा मांडला गेला, त्यातले १४,००० कोटीच केंद्र सरकारचे. बाकीचे सरकारबाहेरून यावेत अशी अपेक्षा आहे. त्यामुळे 'आपला प्रकल्प स्तुत्य असून आमच्या शुभेच्छा' अशी पत्रं जोडून आता भागत नाही. साखर कारखाना असेल तर त्याने लिहावं की इतक्या एकरांवरच्या सभासदांच्या शेतात नमुने घेऊ देऊ, प्रयोगशाळेतला एक रसायनतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस देऊ, किंवा इतके लाख देऊ. पैसे घेणार असाल तर ते अनुदान की सल्लासेवा, हे लेखा विभागाकडून ठरवून घ्या. अनुदानातून केलेल्या संशोधनसेवेला ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीतून सूट आहे, पण ती शासकीय संस्थांना आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित विद्यापीठांना. तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का ते बघा. सल्लासेवेवर कर आहेच.

आता कुठे लिखाण. तीन माणसं पुरतात: पीआय, एक विज्ञान नीट लिहू शकणारा तरुण सहकारी, आणि एक बाहेरच्या विषयातला वाचक. घटकांच्या प्रमुखांनी मुद्दे द्यायचे, वाक्यं या तिघांची. प्रत एकाच ठिकाणी ठेवा, बदल करायचा अधिकार एकालाच, बाकीच्यांनी शेजारी टिप्पणी लिहायची. नाहीतर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांनी बघितलेलं' अशा अकरा फायली तयार होतात आणि पोर्टलवर त्यातली चुकीची जाते. हल्ली अनेक जण एआयकडून मसुदा लिहून घेतात. भाषा साफ करायला ते ठीक आहे. पण असे चार प्रस्ताव शेजारी ठेवले की सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात, आणि तुमचा अप्रकाशित डेटा कुठे गेला याची जबाबदारी तुमचीच राहते.

समीक्षक कसा वाचतो हे लक्षात ठेवून लिहा. त्याच्याकडे असे बरेच गठ्ठे असतात. तो सारांश वाचतो, पहिली आकृती बघतो, मग थेट खर्चाच्या तक्त्याकडे जातो आणि तिथे काही खटकलं तरच परत मजकुरात येतो. म्हणून तक्त्यातली प्रत्येक मोठी रक्कम मजकुरातल्या कुठल्या कामासाठी आहे, हे घटक क्रमांकाने जोडलेलं असू द्या. पहिल्या आकृतीत विभागांची नावं आणि बाण नकोत. प्रश्न, नमुने, मोजमाप आणि त्यातून निघणारा निर्णय दाखवा.

मुदतीच्या तीन आठवडे आधी अशा दोन बाहेरच्या माणसांकडून वाचून घ्या जे अशा समित्यांवर बसलेले आहेत आणि ज्यांचा तुमच्या विद्यापीठाशी संबंध नाही. त्यांना मानधन द्या, गोपनीयतेचा कागद करा आणि सांगा की चांगलं काय ते नको, हा प्रस्ताव पाडायचा असेल तर कुठल्या मुद्द्यावर पाडाल तेवढं लिहा. तीन दिवस आधी वाचून घेतलंत तर ते फक्त शुद्धलेखन दुरुस्त करतील, दुसरं करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

सादरीकरणाला बोलावणं आलं तर तिथे एक प्रश्न बहुधा येतो: 'निम्मेच पैसे दिले तर काय कराल?' 'सगळंच थोडं थोडं कमी करू' हे उत्तर देऊ नका. कुठले दोन घटक पूर्ण गळतील आणि उरलेल्यांतून मूळ प्रश्नाचं किती उत्तर मिळेल, हा दुसरा तक्ता आधीच तयार असावा, आणि गळणाऱ्या घटकांच्या प्रमुखांना तो माहीत असावा. मंजुरी कपातीसकटच येते असं धरून चाला. कपातीचं पत्र आल्यावर चर्चा सुरू केलीत तर एकमेकांशी बोलणं बंद होतं. आणि सादरीकरणाला पीआय, एक तरुण सहकारी आणि खर्चाचा तक्ता तोंडपाठ असलेला एक जण, एवढेच जा. अख्खी वरात नको.

पहिल्या वर्षाच्या खर्चात सगळी यंत्रं टाकायचा मोह टाळा. आयात यंत्राला विनिर्देश, निविदा, तांत्रिक छाननी, पतपत्र, सीमाशुल्क, जोडणी असा प्रवास आहे. वर्ष सहज जातं. ट्रेझरी सिंगल अकाउंटमधून (इथे पैसे आगाऊ खात्यात येत नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते) येणाऱ्या निधीत ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते, आणि 'खर्चच झाला नाही' हा शेरा पुढच्या हप्त्याच्या वेळी उभा राहतो. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले: कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख, खरेदी समितीची १० वरून २५ लाख. ही सवलत तुमच्या प्रकल्पाला लागू आहे का, की विद्यापीठाची लेखासंहिताच चालणार, हे मंजुरीपत्राच्या अटींतून आधी स्पष्ट करून घ्या. दोन नियमावल्यांमध्ये अडकलेली फाईल महिनोन्‌महिने हलत नाही.

तुमच्या कक्षात माणूस घ्यायला एकच जागा मंजूर झाली, तर पीएचडीधारक घेऊ नका. निवृत्त झालेला, प्रकल्पांचे हिशेब पाहिलेला लेखापाल करारावर घ्या. पीएचडीधारक विद्यापीठात पुष्कळ आहेत.

आणि सल्लागार. विज्ञानासाठी नको, कारण समितीपुढे त्याला उभं राहायचं नाही. आकृत्या, मांडणी, इंग्रजीची सफाई यासाठी ठरलेल्या रकमेवर घ्यायला हरकत नाही. मंजूर रकमेच्या टक्केवारीवर काम करणारा कुणी आला तर चहा पाजून परत पाठवा: ती टक्केवारी अनुदानातून देता येत नाही आणि विद्यापीठाच्या निधीतून द्यायची तर लेखापरीक्षणात तुम्हीच उत्तर देत बसाल. तेच पैसे त्या दोन बाहेरच्या वाचकांना द्या. प्रस्ताव या फेरीत पडला, तरी त्यांचे शेरे हातात राहतील, आणि जड धातूंचा घटक केंद्राच्या किंवा राज्याच्या एखाद्या छोट्या योजनेत सुटा पाठवता येईल. तो घटक पहिल्यापासून स्वतःच्या खर्चाच्या तक्त्यासकट स्वतंत्र उभा राहील असाच लिहून ठेवा.